प्रेमाबाईचा काटा

अकोला जिल्ह्यातल्या मालेगावात एसटी स्टँडसमोरच्या कोपऱ्यावर प्रेमाबाईचं किराण्याचं दुकान होतं. दुकान होतं याचं कुणाला काही नव्हतं. ते प्रेमाबाईचं होतं, हे मात्र पुष्कळांना पचत नव्हतं. नवरा माणिकचंद काविळीनं गेला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. मारवाडी जैनांच्या घरात तेव्हा विधवेनं वर्षभर कोपरा धरून बसायचं, आणि वर्ष सरलं तरी कोपरा फारसा सोडायचा नाही. ही बाई सव्वा महिन्यात दुकानाच्या गादीवर येऊन बसली. पेठेनं तोंडात बोटं घातली. तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही, आलेल्या गिऱ्हाइकाला गूळ फोडून दिला.

रस्त्याच्या पलीकडे लखमीचंदशेठचं मोठं दुकान आणि गोदाम; प्रेमाबाईचा ठोक मालही तिथूनच यायचा. ते माणिकचंदचे थोरले भाऊ, म्हणजे प्रेमाबाईचे जेठ. जेठासमोर सुनेनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायचा आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, अशी घरची रीत. प्रेमाबाईनं कोपरा सोडला तरी ही रीत सोडली नव्हती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत ती जेठाशी एक शब्द बोलली नव्हती. पण समोरासमोर दोन दुकानं म्हटल्यावर बोलायची गरज रोजचीच. मग मधे गंगू. गंगू धान्य निवडायला येणारी पन्नाशीची बाई, तोंडानं फटकळ आणि कुणाची भीडभाड न ठेवणारी. जेठजी दोन हातांवर उभे असले तरी प्रेमाबाई पदराआडून म्हणायची, "गंगू, सांग त्यायले," आणि जेठजी म्हणायचे, "गंगू, बिनणीले सांग." बिनणी म्हणजे सून. गंगू दोघांचंही नीट ऐकून घ्यायची आणि आपल्या मनानं काटछाट करून पोचवायची. पाच मिनिटांचा निरोप तिच्या तोंडून बहुधा "नाई म्हनते" एवढाच निघायचा. सव्वीस वर्षांचा कारभार असा चालला होता, आणि खरं सांगायचं तर बरा चालला होता.

ही गोष्ट शहात्तर सालची. त्या वर्षी तपासणीची धास्ती साऱ्या पेठेनं घेतली होती. वजनमापवाले साहेब आले, एकेका दुकानात शिरले, आणि प्रेमाबाईच्या तराजूपाशी थांबले. तराजू सासऱ्यांच्या वेळचा. साहेबांनी दोन्ही पारडी रिकामी ठेवून दांडी उचलली, तर डावं पारडं जरासं खाली. पुन्हा उचलली, पुन्हा खाली.

"दांडीत पासंग आहे, बाई," साहेब म्हणाले. "मधली धार झिजली. यावर मी शिक्का मारणार नाही. महिन्यानं येतो. तोवर नवा काटा आणून ठेवा, नाहीतर दुकान बंद ठेवावं लागेल."

पासंग प्रेमाबाईला ठाऊक होता. डावं पारडं मालाचं, म्हणून ती रोज सकाळी उजवीकडे चिंचोक्याएवढा लाखेचा गोळा चिकटवायची. म्हणजे झीज होती ती तिनं स्वतःच भरून काढली होती, गिऱ्हाइकाचं नुकसान कधी होऊ दिलं नव्हतं. साहेब पेठेत शिरल्याचं कळताच तिनं तो गोळा काढून ठेवला होता. पण हे साहेबाला कोण सांगणार, आणि सांगितलं तर लाखेचा गोळा पाहून तो काय समजेल, हेही तिला कळत होतं.

दुकान एकदा बंद झालं की पुन्हा उघडायचं नाही. याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, कारण त्याच संध्याकाळी लखमीचंदशेठ रस्ता ओलांडून पायरीशी आले. "गंगू, बिनणीले सांग, आता या वयात नवा खटाटोप कायले? कोपऱ्यावरची जागा आमच्या धाकट्या पोराले देऊन टाक म्हना. घरी तिले कायची कमी हाये? सुखानं खावं, मंदिरात जावं."

गंगूनं मान वळवली. "दुकान मागून राह्यले," ती म्हणाली.

"नाई म्हन," प्रेमाबाई म्हणाली, आणि त्या दिवशी मात्र निरोपात एका शब्दाचीही काटछाट झाली नाही.

चार दिवसांनी अकोल्याहून एका कंपनीचा एजंट आला. त्याच्याजवळ नव्या तऱ्हेचा काटा होता. वर एकच पारडं, खाली गोल काचेची तबकडी आणि तिच्यात फिरणारा लाल काटा. वजनं नकोत, दांडी नको. माल ठेवला की काटा आपणच आकड्यावर जाऊन थांबतो. पेठेत त्याला दुसऱ्याच दिवसापासून सगळे 'घड्याळ' म्हणू लागले. दहा दुकानदारांनी मिळून घेतलं तर भाव उतरवून देतो, असं एजंट म्हणाला. लखमीचंदशेठनं पुढाकार घेऊन नऊ नावं जमवली. दहावं नाव प्रेमाबाईचं लिहावं असं त्यांनीच सुचवलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. जागा मिळत नाही तर निदान भाव तरी मिळावा, असा त्यांचा रोकडा हिशेब.

आणि खोटं कशाला बोला, प्रेमाबाईला ते घड्याळ फार आवडलं. तिनं आपलं शिक्क्याचं किलोचं वजन त्यावर ठेवलं, लाल काटा नेमका एकावर थांबला. अर्ध्याचं ठेवलं, नेमका अर्ध्यावर. दिवसातून दोनशे वेळा दांडी उचलून तिचा उजवा खांदा रात्री ठणकायचा. त्या खांद्यानं तर मनातल्या मनात सहीच करून टाकली. एजंट म्हणाला, आठ दिवस दुकानात ठेवा, वापरा, मग नाव लिहा. तिनं ठेवून घेतलं.

पहिल्याच सकाळी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. तबकडी दुकानदाराकडं. गिऱ्हाइकाच्या बाजूला नुसता हिरवा पत्रा. प्रेमाबाई गादीवरून उतरून पुढं गेली, गिऱ्हाईक उभं राहतं तिथं उभी राहिली आणि तिनं घड्याळाकडं पाहिलं. पत्र्यावर कंपनीचं नाव होतं, दुसरं काही नव्हतं. तिनं घड्याळ फिरवून तबकडी रस्त्याकडं केली. आता आकडा गिऱ्हाइकाला दिसायचा, पण दरवेळी वाकून मान वाकडी केल्याशिवाय तिला स्वतःला दिसेना. पाठ मोडून आली तरी तिनं दिवसभर तसंच काम केलं. मास्तरांनी आकडा वाचला आणि खूश झाले. तलाठ्याची बायको म्हणाली, हे बरं केलंत. प्रेमाबाईला वाटलं, जमलं.

तिसऱ्या दिवशी रंगूबाई आली. रंगूबाई जवळच्या खेड्यातली, मजुरीवर जाणारी. आठवड्याचा बाजारहाट ती प्रेमाबाईकडंच करायची. किलोभर तूरदाळ मागितली. प्रेमाबाईनं दाळ ठेवली, काटा एकावर थांबला.

"झुकतं द्या बाई," रंगूबाई म्हणाली.

"हे झुकत नाई, रंगूबाई. आकडा पाह्य. एक किलो भरलं."

रंगूबाईनं तबकडीकडं पाहिलं, मग प्रेमाबाईकडं पाहिलं. "मले आकडा येते का माय? मले झुकलेलं दिसते. याच्यात मले काय दिसन?"

"काटा एकावर हाये, बराबर."

"तुमी म्हनता तं असन," रंगूबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, संशय नव्हता. पदरात दाळ बांधून ती निघून गेली.

ते 'असन' प्रेमाबाईला दिवसभर झोंबत राहिलं. मोठ्या गप्पांत आपण 'झुकतं माप' म्हणजे पक्षपात असं म्हणतो; पण वाण्याच्या दुकानात झुकतं माप म्हणजे इमान. मालाचं पारडं खाली गेलं की अडाण्यातल्या अडाण्याला कळतं, आपल्याला पुरतं मिळालं, वर चार दाणे जास्तच. बारा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला प्रेमाबाईच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला नव्हता, कारण सगळं डोळ्यांसमोर घडत होतं. आता रंगूबाईला तिच्यावर विश्वास ठेवावा लागत होता, आणि प्रेमाबाईला तो फुकटचा विश्वास नको होता. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला.

आठव्या दिवशी तिनं घड्याळ पुसून परत केलं. एजंट म्हणाला, नऊ जणांना ठरलेला भाव मिळणार नाही. झालं, नऊ दुकानदारांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काल हसून बोलणारे आज तोंड फिरवून जाऊ लागले. लखमीचंदशेठ पायरीशी येऊन उभे राहिले.

"गंगू, बिनणीले सांग, जग पुढं चाललं आन हे मांगं चालली. कायले अडून बसली?"

"गंगू, सांग त्यायले," पदराआडून उत्तर आलं, "मी मांगं नाई चालली. मी फक्त गिऱ्हाइकाच्या बाजूनं उभी राहून पाह्यलं. ज्याले वाचता येत नाई त्याच्यापुढं पत्रा ठेवला काय आन तबकडी ठेवली काय, सारखंच हाये. माह्या दुकानात आंधळं माप नाई चालनार."

एवढं सगळं गंगूच्या सवयीबाहेरचं होतं. "नाई म्हनते," ती म्हणाली.

पुढं भावकीची लग्नं निघाली, दोन-तीन ठिकाणी जाणं-येणं झालं, आणि मुदत सरत आली. साहेब यायला सात दिवस उरले तेव्हा प्रेमाबाईनं एका पिशवीत लुगडं टाकलं आणि शेलूवरून जाणाऱ्या एसटीनं कारंजा गाठलं. कारंज्यात जगदेव मिस्त्री दांडीचे काटे करायचा. सरकारी परवान्याचा माणूस, हाताला पितळेचा वास. लहान भात्याशेजारी बसून तो तिच्याकडं चकित होऊन पाहत राहिला.

"आता दांडी कोन घेते बाई? सारे घड्याळं घेऊन राह्यले. मीच धंदा बदलतो म्हनतो."

"मी घेते. उभा काटा पायजे. लोखंडी खांब, पितळी दांडी, पितळी पारडे. आन मधातला काटा लांब पायजे, रस्त्यावरून दिसला पायजे."

"पंधरा दिवस लागतीन."

"माह्यापाशी पाच हायेत."

"पाच दिवसांत नाई होनार बाई. खोटं कायले सांगू?"

"मंग मी इथंच बसते," ती म्हणाली आणि बसली.

जगदेवला वाटलं, तासाभरात उठेल. ती संध्याकाळी उठली, दिवे लागायच्या आत जेवायचं म्हणून धर्मशाळेत गेली, आणि सकाळी तो दुकान उघडायला आला तेव्हा पायरीवर बसलेली होती. बोलत नव्हती, घाई करत नव्हती. नुसती बसून त्याच्या हाताकडं पाहत होती. कुणी असं पाहत बसलं की माणसाला बिडी ओढायचीसुद्धा चोरी होते. दुसऱ्या दिवशी जगदेवनं बाकीची कामं बाजूला सारली. चौथ्या दिवशी दुपारी काटा उभा राहिला.

प्रेमाबाईनं दोन्ही पारड्यांत किलोकिलोची वजनं ठेवली. काटा सरळ. मग तिनं वजनांची अदलाबदल केली. काटा सरळ. मग पारडीच काढून इकडची तिकडं लावली. तरी सरळ. मग तिनं एका पारड्यात तुरीचे चार दाणे टाकले आणि दांडी हळूच, अगदी दिसेल इतकी, झुकली. जगदेव मिस्त्रीनं कपाळाचा घाम पुसला. "तुमच्यापेक्षा साहेब बरा बाई," तो म्हणाला. खांब एसटीच्या टपावर चढवला, पण दांडी तिनं मालेगावपर्यंत मांडीवर धरून आणली.

साहेब आले, त्यांनी शिक्का मारला आणि गेले. पेठेनं हात जोडले नाहीत की तोंड वाकडं केलं नाही. नवी घड्याळं सगळ्यांच्या दुकानात चकचकत होती आणि ही बाई नवा कोरा जुना काटा घेऊन आली, यावर चार दिवस हसून झालं. प्रेमाबाईनं काटा गादीजवळ ठेवला नाही. पार पुढं, पायरीच्या वर, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसेल असा ठेवला. दर वेळी तिला उठून पुढं जावं लागायचं. ती जायची.

मग बाजाराचा दिवस आला. रंगूबाई पायरीशी आली, पण या वेळी तिच्या हातात आधीच एक पुडा होता. बाजूच्या खेड्यातल्या सावकारणीनं तिला लखमीचंदशेठच्या दुकानातून किलोभर साखर आणायला सांगितली होती.

"बाई, हे तोलून देता का?" तिनं विचारलं. "तिकडं त्या घड्याळात मले काईच दिसलं नाई. मालकीन म्हनन, रंगूनं वाटेत खाल्ली."

दुसऱ्याच्या दुकानातला माल आपल्या काट्यावर घ्यायचा नाही, हा पेठेचा न लिहिलेला कायदा. वाण्याचं वैर असलं तरी तो पाळला जायचा. प्रेमाबाईला तो ठाऊक होता, आणि पुडा पारड्यात ठेवला की काय होणार हेही ठाऊक होतं. घेतला नाही तर रंगूबाई तशीच उन्हातून परत जाणार आणि शिव्या खाणार, हेही. तिनं पुडा घेतला आणि पारड्यात ठेवला.

दुसऱ्या पारड्यात एक किलोचं वजन. पुडा वर राहिला. प्रेमाबाईनं पुड्याच्या बाजूला वीस ग्रॅमचं वजन टाकलं, मग आणखी वीसचं, मग दहाचं. तेव्हा कुठं काटा सरळ झाला. घड्याळाचा काटा आधीच पुढं सरकलेला होता, की बाजाराच्या गर्दीत कुणी पाहिलंच नाही, देव जाणे. प्रेमाबाई कुणाला काही बोलली नाही. पण पायरीवर पाच-सहा जणं उभी होती आणि त्यांना वाचता येत नसलं तरी डोळे होते. घटकाभरात रस्त्यापलीकडून पुडे येऊ लागले. दाळ, शेंगदाणे, मिरची. प्रेमाबाई एकेक घेत होती, ठेवत होती, काटा दाखवत होती. आपलं दुकान बाजूला ठेवून ती दुसऱ्यांचा माल तोलत होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

दुपारी लखमीचंदशेठ आले. गर्दी बाजूला झाली. प्रेमाबाईनं पदर नाकापर्यंत ओढला.

"गंगू," ते म्हणाले, "बिनणीले सांग, काटा आत घे म्हना. आन दुकान बंद कर म्हना, आत्ताच्या आत्ता. उद्यापासून धाकटा बसन इथं. आपल्याच घरच्या बाईनं भर बाजारात घरच्याची इज्जत तोलाची नसते."

गंगूनं तोंड उघडलं.

"थांब गंगू," प्रेमाबाई म्हणाली.

घरात ते सगळे मारवाडी बोलत. त्या बोलीत जेठाशी बोलायचे शब्द तिच्यापाशी नव्हतेच. सव्वीस वर्षांत लागलेच नव्हते. पण दुकानाची बोली तिची होती, बारा वर्षांत कमावलेली. तिनं पदर डोक्यावर राहू दिला, फक्त नाकावरून कपाळावर सारला. आणि सरळ त्यांच्याकडं पाहून म्हणाली, "शेठजी."

जेठजी नाही, शेठजी. एका अक्षराचा फरक, पण पायरीवरच्या प्रत्येकाला तो ऐकू आला. लखमीचंदशेठनं गंगूकडं पाहिलं. गंगू सुपाकडं पाहत होती.

"शेठजी, तुमचं घड्याळ खोटं हाये असं मी म्हटलं नाई. आना ते इथं आन ठेवा माह्या काट्याजवळ. माही शिक्क्याची वजनं हायेत, तुमचीबी आना. साऱ्या बाजारासमोर पाहू. बराबर निंघालं तं मी सोता सांगीन लोकाइले, जा, शेठजीकडून घ्या."

"मी जेठ हावो तुहा," ते हळू आवाजात म्हणाले.

"घरी. घरी मी पदर घेईन आन तोंड उघडनार नाई. इथं दुकान हाये. इथं तुमी दुकानदार, आन मीबी दुकानदार."

लोखंडी खांब प्रेमाबाईनं एका हातानं घट्ट धरला होता. घड्याळ आणायला लखमीचंदशेठ वळले नाहीत. ते लाल झाले, रस्त्यापलीकडं आपल्या दुकानाकडं पाहिलं, परत तिच्याकडं पाहिलं.

"उद्यापासून माह्या गोदामातून एक दाना भेटनार नाई."

"नका देऊ. कारंज्याले सकाळची एसटी जाते."

आता त्यांना उत्तर द्यायचं होतं, आणि मधे कुणी नव्हतं. सुनेशी बोलायची सवय त्यांनाही नव्हती. दुकानदाराशी भांडायची मात्र होती, जन्मभराची. जीभ सवयीच्या वाटेनं गेली.

"मंग तुमचं तुमी पाहा, प्रेमाबाई," ते म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. बिनणी नाही, तू नाही. तुमी, आणि वर नाव. जेठानं सुनेचं नाव कधी घेतलेलं त्या पेठेत कुणी ऐकलं नव्हतं. शब्द परत घेता येईना. ते वळले आणि रस्ता ओलांडून गेले, आणि दुकान बंद करायचं पुन्हा कुणी म्हणालं नाही.

प्रेमाबाईला तिथंच खाली बसून रडावंसं वाटलं. दुःखानं नाही, बारा वर्षं ज्या गादीवर ती बसली होती ती आज पहिल्यांदा तिची झाली, म्हणून. पण पायरीवर माणसं उभी होती आणि त्यांना आपापल्या गावी जायचं होतं. तिनं खांब सोडला, किलोचं वजन उचललं आणि पारड्यात ठेवलं.

"पुढं कोन हाये?" तिनं विचारलं.